बाबासाहेबांच्या रात्री

एप्रिल महिना आला की महाविद्यालयांतून, विद्यापीठांतून आणि वस्त्यावस्त्यांमधील अभ्यासिकांतून सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. पहाटे सहाला मुले-मुली बसतात आणि मध्यरात्री बाराला उठतात. डोक्यावर घेऊन नाचण्याऐवजी डोक्यात घेऊन बसण्याची ही रीत आम्हाला केव्हाही अधिक आवडते. हरकत आहे ती मंचावरून होणाऱ्या भाषणाला. बाबासाहेब झोपतच नव्हते, झोप हे आळशी माणसाचे लक्षण, असे वक्ता सांगतो आणि टाळ्या घेतो. त्यानंतर ती गोष्ट येतेच. परदेशी पत्रकार रात्री दिल्लीत फिरतात, बाकीचे पुढारी झोपलेले असतात आणि बाबासाहेब तेवढे जागे. ही गोष्ट कोणत्या साली घडली, पत्रकार कोण, नोंद कुठे, हे कोणी विचारीत नाही. कोर्टात उभे राहणाऱ्या माणसाला ही सवय सोडता येत नाही, म्हणून आम्ही विचारतो.

बाबासाहेब रात्री जागत होते यात शंका नाही. पण त्यांच्या सर्व रात्री सारख्या नव्हत्या. परळच्या चाळीतील विद्यार्थ्याची रात्र वेगळी आणि 1948 सालच्या दिल्लीतील मधुमेही कायदेमंत्र्याची रात्र वेगळी. पहिली त्यांनी स्वतः निवडली होती. दुसरी आजाराने त्यांच्यावर लादली. हा फरक न केल्यामुळे आजही आमच्या वस्त्यांतून नुकसान होते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात पहिल्या रात्रीपासून करू. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंब घेऊन मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. खोली एकच. त्याच खोलीत स्वयंपाक, भांडीकुंडी, जळण, माणसे आणि रात्री बांधलेली शेळीसुद्धा. दिवसा अभ्यासाला जागा मिळणे अशक्य. म्हणून बापलेकांनी व्यवस्था लावून घेतली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जायचा, सुभेदार दोन वाजेपर्यंत जागे राहायचे आणि मग मुलाला उठवून स्वतः त्याच जागेवर अंग टाकायचे. जात्याच्या आणि शेळीच्या सोबतीत, घासलेटच्या दिव्यावर मुलगा पुस्तक उघडायचा. आमच्या वक्त्यांनी हा प्रसंग हजार वेळा सांगितला असेल. परंतु त्यातील अर्धी गोष्ट ते सांगत नाहीत. दोन वाजता उठणारा मुलगा त्याआधी झोपलेला असे. बापाने स्वतःची झोप खर्चून मुलाच्या झोपेची राखण केली होती. तो मुलगा 1907 साली मॅट्रिक झाला.

पुढे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, दोन खोल्यांत त्यांचे वास्तव्य 1912 पासून 1934 च्या सुमारापर्यंत राहिले. मधला काळ अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेला. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषद झाली, पुणे करार झाला, तरी घर चाळीतलेच. मजल्यावर संडास सामाईक. बॅरिस्टर असो की गिरणीकामगार, रात्री उठले की लांबलचक गॅलरी चालून जायचे. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढे तिच्याकडे परत यायचे आहे म्हणून सांगून ठेवतो. त्याच चाळीतल्या संसारात रमाईंनी चार मुलांचे मरण पाहिले आणि 27 मे 1935 रोजी, राजगृहात राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी, त्याही गेल्या. त्यानंतर तेरा वर्षे बाबासाहेबांच्या घरात त्यांच्या जेवणाकडे, औषधाकडे, निजण्याउठण्याकडे हक्काने लक्ष देणारे माणूस नव्हते.

लंडनच्या रात्रीही अशाच उपासमारीच्या. 1920 ते 1923 या काळात दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे, रात्री खोलीवर येऊन पुन्हा वाचायचे, आणि दहाच्या सुमारास पोटात आग पडली की ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड भाजून कपभर बोव्हरिलबरोबर खायचे. ऐन तारुण्यात शरीराने हे सोसले. योगायोग असा की याच काळात, 1921 साली, कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले आणि 1922 च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका 14 वर्षांच्या मधुमेही मुलाला टोचले गेले. त्याच औषधावर पुढे आपले शेवटचे दशक अवलंबून राहणार आहे, हे लंडनमधील विद्यार्थ्याला कोठून ठाऊक असणार?

आता अठरा तासांच्या भक्तांना आमचा एक प्रश्न आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून 1942 ते 1946 बाबासाहेबांनी काय केले? कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली पाहिजे म्हणून विधेयक आणले. आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी फॅक्टरी कायद्यातील दुरुस्ती 1946 साली केंद्रीय कायदेमंडळात त्यांनीच मांडली. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा पाया त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला आणि त्याचा कायदा 1948 साली झाला. म्हणजे विश्रांती हा हक्क आहे आणि आजार ही समाजाने उचलायची जबाबदारी आहे, असे ज्यांनी कायद्यात लिहवून घेतले, त्यांच्याच नावाने आम्ही विश्रांतीची हेटाळणी करतो!

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली. समितीवर माणसे सात. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, कोणी संस्थानाच्या कारभारात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. टी. टी. कृष्णमाचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेतच हा हिशेब मांडला आणि सारा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडल्याची कबुली दिली. आमच्या सभांतून कृष्णमाचारींचे नाव वरचेवर घेतले जाते. पण तो भार उचलणाऱ्या देहाची त्या महिन्यांत काय अवस्था होती, ते मात्र कोणी सांगत नाही.

1948 च्या सुरुवातीला, मसुदा पूर्ण होत असताना, बाबासाहेबांनी मुंबईला आपले विश्वासू सहकारी कमलाकांत चित्रे यांना लिहिलेले पत्र चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. त्याचा मथितार्थ असा की, पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही, रात्र आली की भीती वाटते, पायातील शिरांच्या वेदना नेमक्या मध्यरात्री सुरू होतात आणि पहाटेपर्यंत थांबत नाहीत, इन्सुलिन चालू आहे, होमिओपॅथीही चालू आहे, पण आराम कशानेच नाही. जे बरे होत नाही ते सहन करायला शिकले पाहिजे, अशा शब्दांवर ते येऊन ठेपले होते. वय 56. मसुदा 21 फेब्रुवारी 1948 रोजी संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झाला. ज्या माणसाला रात्री पाय धरून बसावे लागत होते, त्याच माणसाने दिवसा समता, स्वातंत्र्य आणि उपाययोजनेच्या हक्काची कलमे पारखून घेतली.

हे दुखणे काय होते, ते आज कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत समजावून देईल. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की पायातील बारीक शिरा, म्हणजे मज्जातंतू, खराब होतात. जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखे, विजेचा झटका बसल्यासारखे दुखणे सुरू होते. दिवसा माणूस कामात असतो, रात्री अंथरुणावर दुसरे काहीच नसते, म्हणून वेदना रात्री उसळते. दुसरी गोष्ट लघवीची. रक्तातील साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती आवरत नाही, ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वारंवार आणि भरपूर होते. म्हणून घसा कोरडा पडतो, म्हणून पाणी प्यावे लागते आणि पुन्हा उठावे लागते. एका रात्रीत तीन-चार वेळा उठलेल्या माणसाची झोप ती काय होणार? आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी साखर आणखी चढते, भूक वाढते, रक्तदाबही वर जातो. चरित्रकार पायाच्या वेदना लिहितात. माणूस रात्री किती वेळा मोरीकडे गेला, असले चरित्रात लिहायची पद्धत नाही. पण आजार ओळखायचा असेल तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो.

त्या काळी घरी बोटाला सुई टोचून साखर पाहण्याचे यंत्र नव्हते. परीक्षानळीत निळे बेनेडिक्टचे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, विटकरी झाला तर फार. इन्सुलिनची सिरिंज काचेची, सुई जाड, दर वेळी पाण्यात उकळून घ्यायची. डोस कमी पडला तर साखर वर आणि जास्त झाला तर मध्यरात्री घाम, थरथर, घाबरे होणे. हे सारे करायला घरात जाणते माणूस लागते. राजकीय पुढाऱ्याच्या बंगल्यात नोकर असतात, कार्यकर्ते असतात, पण विटकरी रंगाचा अर्थ कळणारा माणूस असतोच असे नाही.

बाबासाहेब मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्या उपचाराखाली होते. त्यांच्याच गिरगावातील दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या त्या एम.बी.बी.एस. उभयतांची पहिली ओळख झाली ती 1947 साली विलेपार्ल्याला डॉ. राव यांच्या घरी, म्हणजे आमच्या वाकोल्यापासून हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांचे मत पडले की यापुढे पथ्य, औषध आणि शुश्रूषा जाणणारी सोबत हवीच. रमाईनंतर पुन्हा लग्न करायचे नाही असा निश्चय केलेल्या बाबासाहेबांनी मार्च 1948 मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून आपला बदललेला निर्णय आणि त्यामागचे प्रकृतीचे कारण कळविले. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाबाई सविता झाल्या आणि पुढे समाजाच्या माईसाहेब.

माईसाहेबांविषयी आमच्या समाजात दोन तट पडले, त्याचा इतिहास येथे उगाळायचा नाही. महापरिनिर्वाणानंतर संशयाचे मोहोळ उठले, केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर केले. तरीही समाजातील मोठ्या गटाने त्या बाईंना पुढची कित्येक वर्षे एकटे पाडले. 29 मे 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्यांना संशय बाळगायचा असेल त्यांनी एवढे तरी करावे. बाजूला ठेवलेला वैद्यकीय पुरावा वाचावा. 1948 साली डॉक्टर चिंता करीत होते, आणि त्यानंतर तो देह साडेआठ वर्षे टिकला. त्या साडेआठ वर्षांत संविधान मंजूर झाले, हिंदू कोड बिल उभे राहिले, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथ लिहून झाला आणि नागपूरची दीक्षा झाली. इन्सुलिनची सुई आणि मोजून मापून दिलेले जेवण यांचा या यादीत वाटा नाही, असे कोणी म्हणावे?

आजारपणातही अग्रक्रम कसा लागत होता, हे 10 ऑगस्ट 1951 च्या पत्रावरून दिसते. पंतप्रधान नेहरूंना त्यांनी कळविले की डॉक्टर महिनाभर सलग उपचारासाठी मागे लागले आहेत, आता ते टाळता येणार नाही, पण त्यापूर्वी हिंदू कोड बिलाचा निकाल लागावा. म्हणजे उपचार नाकारलेला नाही. उपचाराची तारीख मागून घेतली आहे. वकील पक्षकाराच्या अडचणीसाठी तारीख मागतो तसे. सरकारने बिलाचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला आणि पुढे सरकारी बंगला सोडून ते 26, अलिपूर रोडवर राहायला गेले.

अलिपूर रोडच्या रात्रींचे साक्षीदार म्हणजे नानकचंद रत्तू. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याचा हा तरुण, दिवसा सरकारी नोकरी, संध्याकाळी सायकलवरून बाबासाहेबांकडे, आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन. डोक्याला तेल चोळायचे, पाय चेपायचे, पुस्तके उशाशी लावायची. 1954 साली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाबासाहेब जवळजवळ अंथरुणालाच खिळून होते. दृष्टी कमी झाली. चालायला काठी आणि कोणाचा तरी खांदा लागू लागला. तरी त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो लोकांपुढे उभे राहिले तेव्हाही हातात काठी होती. आमच्या छायाचित्रांतून ती काठी सर्वांनी पाहिली आहे. ती वृद्धत्वाची खूण नव्हती. पासष्टीचा माणूस एवढा वाकत नाही. ती पायातील मेलेल्या शिरांची काठी होती.

नोव्हेंबरात काठमांडूची परिषद, परतीच्या वाटेवर काशी, कुशीनगर. 30 नोव्हेंबरला दिल्ली. आणि मग 5 डिसेंबरची रात्र. जैन मंडळींचे शिष्टमंडळ येऊन गेले. रत्तूंनी पाय चेपले, डोक्याला तेल लावले. थोडा भात पोटात गेला. निजायला जाताना बाबासाहेबांनी धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे उशाशी मागवून घेतली. रात्री पुन्हा नजर घालायची होती. सव्वाअकराच्या सुमारास रत्तू सायकलवरून घरी गेले. सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या तेव्हा सारे संपले होते. एवढ्या वर्षांच्या मोडक्या झोपेनंतर मृत्यू आला तो झोपेत.

6 डिसेंबरच्या रात्री पार्थिव विमानाने निघाले आणि मध्यरात्रीनंतर सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले. वाकोला त्या विमानतळाला लागूनच. त्या रात्री हजारो माणसे थंडीत विमानतळाबाहेर उभी होती, गिरणीची पाळी सोडून आलेली, चालत आलेली. 7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली.

त्या माणसांची नातवंडे आता पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना साखर आहे. पालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केलेल्या 2021 च्या पाहणीत मुंबईतील 18 टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर 126 मिलिग्रॅमच्या वर आढळली. वाकोल्याच्या वस्त्यांत 10 बाय 12 च्या खोलीत पाच-सहा माणसे निजतात. बहुधा वडीलधारा माणूस पोटमाळ्यावर असतो, उतरायला उभी लोखंडी शिडी. रात्री दोनदा-तीनदा उठायचे म्हणजे अंधारात ती शिडी उतरायची, निजलेल्यांना ओलांडायचे आणि पायाला संवेदना नसताना ओल्या गल्लीतून शौचालय गाठायचे. पुरुष गटारीच्या कडेला उभा राहतो. बाईने काय करायचे? बऱ्याच बायका संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. साखर चढलेली, त्यात पाणी तोडलेले! मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावर ताण, आणि ताप आला की साखर आणखी वर. काही ठिकाणी शौचालयाला रात्री अकराला कुलूप लागते आणि किल्ली देखभाल करणाऱ्याच्या घरी. बाई पडली, हाड मोडले, की म्हणायचे, बाथरूमला जाताना चक्कर आली.

या बायकांना, या बापांना आम्ही जयंतीच्या मंचावरून सांगतो की बाबासाहेब झोपत नव्हते! त्यांच्या मनात काय जात असेल? रात्री चारदा उठणे हे वयाचेच, किंवा आपल्या निष्ठेची कसोटी, असे समजून माणूस दोन-दोन वर्षे डॉक्टरकडे जात नाही. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या जागरणाला तेज मानले नाही. त्यांनी त्याला दुखणे म्हटले, पत्रात लिहून कळविले, मुंबई गाठून तपासण्या केल्या, इन्सुलिन टोचून घेतले, आणि त्यासाठी आयुष्याचा एक मोठा निर्णयही बदलला. अनुकरण करायचे तर या गोष्टीचे का करू नये?

डॉक्टरकडे जाताना तीन दिवसांची टिपणी न्यावी. निजल्यानंतर किती वेळा उठलो, दर वेळी लघवी भरपूर झाली की थेंबथेंब, शेवटचा चहा किती वाजता घेतला, रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घेतो. कारण रात्री उठण्याचे कारण दर वेळी साखरच असते असे नाही. उतारवयातील पुरुषात प्रोस्टेट असू शकते. दिवसभर उभे राहून पाय सुजणाऱ्याचे पाणी आडवे झाल्यावर लघवीवाटे उतरते. झोपेत घोरता घोरता श्वास अडकणारा माणूसही रात्री वारंवार उठतो. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र गेलीच म्हणायची. साखरेच्या नव्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येते त्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यांची वेळ डॉक्टरांना विचारून घ्यावी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि दिवसाचे पाणीही तोडू नये. इन्सुलिन घेणाऱ्याला मध्यरात्री घाम फुटून जाग आली तर आधी साखर पाहावी, यंत्र नसेल तर दोन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय सांताक्रूझ पूर्वेलाच आहे. तेथे रांग मोठी असते हे आम्हाला माहीत आहे, पण रांगेत उभे राहणे आमच्या लोकांना नवीन नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला जाब विचारला की याला का पाहिले नाही. विहारात दर पौर्णिमेला आम्ही प्रवचने ऐकतो. ही हकीकत त्यात क्वचितच येते.

शौचालयाच्या कुलपाचे मात्र सांगता येण्यासारखे उत्तर कायद्यात आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात 1980 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत या सबबीवर नगरपालिकेला गटारे आणि शौचालये टाळता येणार नाहीत. तो खटला उभा राहिला तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, सामान्य रहिवाशांच्या अर्जावर. ती संहिता 2024 च्या जुलैत गेली, पण तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 म्हणून आले आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्याआधी एच पूर्व विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे साधा लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा. अर्जात शौचालयाचे ठिकाण, कुलूप किती वाजता लागते, आतील व वाटेवरील किती दिवे बंद आहेत, आणि वस्तीतील किती मधुमेही माणसे रात्री त्यावर अवलंबून आहेत, एवढे लिहावे. नावे लिहू नयेत, संख्या पुरे. ही संख्या मोजायला जयंती कमिटीच्या पोरांना दोन रविवार लागतील. वाकोल्यातील ज्या मंडळांना अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे, आम्ही तेथे असतो. येताना बंद दिव्यांची आणि कुलपाच्या वेळेची नोंद तारखेसह लिहून आणावी.